वाचकांचे प्रश्न : एक बांध, दोन कोर्टे आणि वकिलाची पारख

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही कामे चालवणारा, साक्षीपुरावा आणि उलटतपास ज्याच्या रोजच्या हातचा आहे असा वकील कसा निवडावा आणि तो आपले काम नीट करतो आहे हे पक्षकाराला कशावरून कळावे, असे सगळ्यांचे विचारणे आहे. मी स्वतः एकतीस वर्षे तालुका आणि जिल्हा न्यायालयांत हेच काम करत आलो आहे. म्हणून ही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : चुलतभावाने पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर लावून आमच्या दोघांमधला बांध कोरला. त्यावरून झालेल्या मारामारीत त्याच्या मुलाच्या डोक्याला मार लागला आणि माझा डावा हात मोडला. दोन्ही बाजूंच्या फिर्यादी दाखल आहेत. शिवाय भावाने माझ्याविरुद्ध मनाईचा दावा लावला आहे. तालुक्याचे आमचे वकील म्हणतात की ते दोन्ही कामे चालवतील. मेहुण्यांचा आग्रह आहे की फौजदारीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणचा वेगळा वकील द्यावा. काय करावे? सोबत कागद पाठवत आहे. (एक शेतकरी वाचक, जि. सातारा)

उत्तर : मेहुण्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ज्याने आयुष्यभर फक्त वाटपाचे दावे चालवले त्याच्या हाती डॉक्टरांचा उलटतपास देणे धोक्याचे असते, आणि ज्याने फक्त जामीन केले त्याला कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचे लेखी उत्तर, लिहिता येईलच असे नाही. परंतु तुमचे कागद वाचल्यावर मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली, ती आधी सांगतो. तुमच्या फिर्यादीत लिहिले आहे की तुम्ही सकाळी सातच्या सुमारास बांधावर उभे असताना भावाने काठी मारली. मेहुण्यांनी घाईने जिल्ह्याच्या ठिकाणी करून घेतलेल्या जामीन अर्जाच्या चौथ्या परिच्छेदात मात्र ‘अर्जदार घटनेच्या वेळी घटनास्थळी हजर नव्हता’ असे वाक्य आहे. हे वाक्य कोणीतरी जुन्या नमुन्यावरून उतरवले असणार. जामीन अर्जातले विधान हा पुरावा नसतो हे खरे आहे, पण समोरचा वकील ते वाक्य जपून ठेवेल आणि तुमच्या साक्षीच्या दिवशी बाहेर काढेल. मनाईच्या दाव्यातली तुमची कैफियत अजून दाखल व्हायची आहे. तीत तुम्ही तिसरीच हकीकत मांडलीत, तर एकाच सकाळच्या तीन गोष्टी तुमच्या सहीनिशी रेकॉर्डवर येतील.

माझे मत असे की असल्या वादात दोन्ही कामे एका वकिलाच्या नजरेखाली असावीत. वकील दोन द्यायचेच असतील, तर कैफियत, म्हणणे, अर्ज, जे काही दाखल होणार असेल ते आधी दोघांनी वाचलेले असले पाहिजे. यामागे कायद्याचे एक पक्के कारण आहे, आणि पक्षकारांना ते फारसे कोणी समजावून सांगत नाही. फौजदारी खटल्यात आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने दिलेले ते संरक्षण आहे, आणि आरोप सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर असते. दिवाणी दाव्यात परिस्थिती उलटी होते. पक्षकार पिंजऱ्यात आलाच नाही आणि त्याने स्वतःला उलटतपासासाठी दिले नाही, तर त्याची बाजू खरी नसावी असे अनुमान न्यायालय काढू शकते. विद्याधर विरुद्ध माणिकराव या १९९९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. म्हणजे त्याच माणसाने, त्याच सकाळबद्दल, एका कोर्टात गप्प राहणे शहाणपणाचे आणि दुसऱ्या कोर्टात गप्प राहणे नुकसानीचे ठरते. दिवाणी साक्षीत जे बोलाल त्याची नक्कल काढून फौजदारी खटल्यात तुमच्यापुढे धरली जाऊ शकते. कोणत्या कामातली साक्ष आधी होते आहे, कोणते काम थांबवण्यासाठी अर्ज द्यावा लागेल, हे ज्याला दोन्ही फायली पाठ आहेत तोच ठरवू शकतो.

एका कोर्टातला निकाल दुसऱ्या कोर्टाला आपोआप बांधत नाही, हेही ध्यानात ठेवा. फौजदारीत गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर दिवाणीत कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे ते पाहतात. इक्बालसिंग मारवाह प्रकरणात २००५ साली घटनापीठाने हाच फरक सांगून, एका कामातले निष्कर्ष दुसऱ्या कामात बंधनकारक धरण्याचा कोणताही ठोक नियम नाही, असे म्हटले. आपल्याकडे याचे सर्वांत ठळक उदाहरण ताईमहाराज प्रकरणाचे आहे. पुण्याचे सरदार बाबामहाराज, म्हणजे ताईमहाराजांचे पती, १८९७ साली वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राने लोकमान्य टिळकांवर इस्टेटीची जबाबदारी आली. १९०१ मध्ये औरंगाबादेस झालेले दत्तविधान खरे की खोटे या एका प्रश्नावरून टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला, पुण्यात १९०३ साली शिक्षा झाली, आणि १९०४ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एवढ्याने दत्तकाचा दिवाणी वाद मिटला नाही. १९०६ साली पुण्याच्या न्यायालयाने दत्तक ग्राह्य धरले, १९१० साली टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना उच्च न्यायालयाने ते फिरवले, आणि १९१५ च्या मार्चमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, पुन्हा पुण्याचा निकाल कायम केला. फौजदारीतून सुटल्यानंतर दिवाणी वाद आणखी अकरा वर्षे चालला, तोही स्वतः कायदा शिकलेल्या माणसाचा.

आता तुमच्या वकिलांबद्दल. तालुक्याला बहुधा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर हेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असतात, आणि सकाळी मनाईचा अर्ज चालवलेला वकील दुपारी त्याच दालनात मारामारीचा खटला चालवतो. अशा वकिलाला दोन्हीकडची सवय असते. तो मुरलेला आहे की नाही हे पाहायचे असेल, तर पहिल्या बैठकीत तो काय विचारतो ते पाहा. त्याने सातबारा पाहून मान डोलावली आणि वकीलपत्र पुढे केले, तर थोडे थांबा. सातबारावरच्या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या धरल्या जातात, पण त्याने मालकी ठरत नाही आणि बांध कुठे आहे हे तर त्यावर दिसतच नाही. बांधाच्या वादात मोजणी लागते. त्याने मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मागितली, शेवटची मोजणी कोणाच्या अर्जावरून झाली आणि तेव्हा भाऊ हजर होता का हे विचारले, भूमी अभिलेखच्या मोजणीदाराला कोर्ट कमिशनर नेमून घेण्याचा विषय काढला, तुमच्या हाताचा एक्स-रे कोणत्या तारखेचा आहे हे पाहिले, आणि पुतण्याच्या डोक्याला मार कसा लागला हे तुम्हाला तीनदा, वेगवेगळ्या अंगांनी विचारले, तर माणूस कामाचा आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर तुम्हाला रागही येईल, पण त्याला खरे सांगा. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकील त्याच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही, कायद्याने तसे बंधन आहे. परंतु वकिलाला न सांगितलेली गोष्ट भर कोर्टात समोरच्याच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर येते, तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

आणखी एक. दोन्ही बाजूंच्या फिर्यादी एकाच घटनेच्या आहेत. असे उलटसुलट खटले एकाच न्यायाधीशापुढे, पुरावा वेगवेगळा नोंदवून, एकापाठोपाठ निकाली काढावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे. दोन्ही कामे एकाच कोर्टात आहेत ना, याची खात्री करून घ्या आणि नसतील तर तसा अर्ज द्यायला सांगा.

प्रश्न : आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा वाटपाचा दावा घ्यायला एक वकील तयार आहेत. फी आत्ता नको, निकाल लागल्यावर वाट्याच्या वीस टक्के जमीन द्या, असे ते म्हणतात. हा व्यवहार करावा का? (वाचक, जि. अहिल्यानगर)

उत्तर : करू नये. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा दाव्यातल्या मालमत्तेत वाटा घेणे भारतातल्या वकिलांना भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी मना आहे. वकिलांना जाहिरात करण्यासही तेच नियम मनाई करतात, त्यामुळे ‘शंभर टक्के निकाल’ अशी हमी देणाऱ्यापासूनही दूर राहावे. फी टप्प्यांनी ठरवता येते. दावा दाखल करणे, मनाई अर्ज, साक्षीपुरावा, युक्तिवाद असे टप्पे करून प्रत्येकाची रक्कम लिहून घ्या आणि पैसे देताना पावती मागा. मागण्यात संकोच बाळगू नका.

प्रश्न : समोरच्या वकिलांनी माझ्या वडिलांचा उलटतपास दोन तारखा घेतला, म्हातारा माणूस रडकुंडीला आला. आमच्या वकिलांनी मात्र त्यांच्या मुख्य साक्षीदाराला सात प्रश्न विचारले आणि खाली बसले. भावकीत सगळे म्हणतात वकील फुटला. मला झोप लागत नाही. (एक मुलगी, मिरज)

उत्तर : तुमची तगमग मला पुरती कळते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या वकिलांनी एका मृत्युपत्राच्या दाव्यात चार प्रश्न विचारलेले मी पाहिले आहेत. आजोबांनी सगळी जमीन एका नातवाला दिली असे मृत्युपत्र, त्यावर आजोबांचा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातला एक साक्षीदार दावा उभा राहण्यापूर्वीच वारला होता. दुसरा गावचाच, साठीचा, सरळ स्वभावाचा माणूस. सरतपासाच्या, म्हणजे स्वतःच्या बाजूने द्यायच्या साक्षीच्या, शपथपत्रात नेहमीचे वाक्य होतेच : ‘सदर मयताने माझ्यासमक्ष अंगठा केला व मी त्यांच्यासमक्ष सही केली.’ आमचे वकील उठले. पहिला प्रश्न, ‘तुम्ही सही केली ती घरात कुठे बसून?’ ओटीवर, असे उत्तर आले. ‘त्या वेळी आजोबा कुठे होते?’ ‘आत माजघरात निजून होते. कागद आत नेला आणि अंगठा घेऊन आणला.’ ‘तुम्ही आत गेला होतात का?’ साक्षीदार म्हणाला, ‘नाही, माझ्या पायांत चपला होत्या.’ ‘त्या दिवशी आजोबांशी तुमचे काही बोलणे झाले?’ ‘नाही, ते झोपले असतील म्हणून मी तसाच गेलो.’ न्यायाधीश महाराजांनी लघुलेखकाला ‘मी आत गेलो नाही’ एवढेच सांगितले, तेव्हा वकिलांनी नम्रपणे विनंती करून चपलांचे वाक्य साक्षीदाराच्या शब्दांत नोंदवून घेतले, आणि ते बसले.

आमचा पक्षकार कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्यावर ओरडला. साक्षीदाराला खोटा का म्हटले नाही, पैसे घेऊन आला का विचारले नाही, असा त्याचा राग होता. प्रत्यक्षात मृत्युपत्राच्या साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेले असावे, किंवा ‘हा माझा अंगठा’ अशी कबुली त्याच्याकडून प्रत्यक्ष घेतलेली असावी, आणि स्वतःची सही त्याच्या देखत केलेली असावी, असे भारतीय वारसा अधिनियमाचे कलम ६३ सांगते. त्या चार उत्तरांत यातले काहीच उरले नव्हते. चपलांमुळे उत्तराला खरेपणा आला, कारण असले कारण कोणी पढवून सांगत नाही. आणखी एक प्रश्न विचारला असता तर समोरच्या वकिलांना फेरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारताना, सावरून घ्यायला धागा मिळाला असता. मृत्युपत्र शाबीत झाले नाही. हे प्रश्न त्या दिवशी सुचलेले नव्हते. आदल्या महिन्यात आम्ही त्या घरी जाऊन ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत पाहून आलो होतो.

म्हणून सात प्रश्न कमी आहेत असे त्या आकड्यावरून म्हणता येणार नाही. मात्र ते पुरेसे आहेत असेही मी इथे बसून सांगणार नाही, कारण उलटतपासात एक कर्तव्य टाळता येत नाही. तुमची जी बाजू आहे ती साक्षीदारासमोर ठेवावी लागते. साक्षींच्या नकलेत ‘हे म्हणणे खरे नाही की…’ अशा ओळी वाचकांनी पाहिल्या असतील. त्या निरर्थक वाटतात, पण बाजू मांडली गेल्याची ती नोंद असते. ती नसेल तर साक्षीदाराचे त्या मुद्द्यावरचे म्हणणे तुम्हाला मान्य होते असे धरले जाऊ शकते. वर ज्याचा उल्लेख केला त्या टिळकांच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने याच अंगाने एक तत्त्व सांगितले आहे : एखादा कागद साक्षीदाराविरुद्ध वापरायचा असेल, तर तो त्याला उलटतपासात दाखवून खुलासा करण्याची संधी दिली पाहिजे, आणि जिथे माणसाच्या चारित्र्याचा आणि अब्रूचा प्रश्न आहे तिथे तर हा नियम अधिकच कसोशीने पाळला पाहिजे. शंभर वर्षे उलटली तरी वकील आजही तो निवाडा पुढे करतात.

फौजदारी खटल्यात यालाच जोडून दुसरे काम असते. साक्षीदार कोर्टात जे नवे सांगतो ते त्याच्या पोलिसांपुढच्या जबाबात आहे का, हे ओळीओळीने ताडून पाहावे लागते. ‘मी पोलिसांना तसे सांगितले होते, परंतु ते माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही’, हे वाक्य नकलेत जिथे दिसेल तिथे वकिलाने एक मुद्दा मिळवलेला असतो, आणि पुढे तपासी अंमलदाराकडून त्याला दुजोरा घ्यावा लागतो. हे करताना आवाज चढत नाही, म्हणून मागच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना ते दिसत नाही.

तुम्ही असे करा. दोन्ही साक्षींची नक्कल काढा, वकिलांची वेळ घ्या आणि शांतपणे विचारा की या सात प्रश्नांतला प्रत्येक प्रश्न कोणत्या वादमुद्द्यासाठी होता. जो विचार करून बसला असेल तो दहा मिनिटांत सांगेल. त्यांना सांगता आले नाही, आणि तुमची बाजू खरोखरच साक्षीदारापुढे मांडायची राहून गेली असेल, तर साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १७ मध्ये आहे. ती सहज मिळत नाही, राहिलेली उणीव भरून काढण्यासाठी तर न्यायालये ती नाकारतातच, म्हणून लवकर हालचाल करा. वडिलांना रडू आले याचे मात्र फार वाईट वाटून घेऊ नका. त्यांची नक्कल वाचा. दोन दिवस प्रश्न विचारूनही मूळ मुद्द्यावर ते ढळले नसतील, तर त्या दोन तारखा त्यांनीच जिंकल्या आहेत.

प्रश्न : माझ्या भावाचा खून झाला. खटला सत्र न्यायालयात आहे. सरकारी वकिलांकडे खूप कामे आहेत. आम्ही आमचा वकील देऊ शकतो का, आणि तो साक्षीदारांना प्रश्न विचारू शकेल का? (वाचक, नागपूर)

उत्तर : वकील देता येतो. प्रश्न मात्र तो स्वतः विचारू शकत नाही. खटला सरकारी वकीलच चालवतात. तुमचा वकील त्यांना साहाय्य करतो, आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०१ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३३८ मध्ये आहे. रेखा मुरारका प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पीडिताच्या वकिलाला तोंडी युक्तिवाद किंवा उलटतपास करता येणार नाही. एखादा प्रश्न सुटला असे वाटल्यास त्याने तो सरकारी वकिलांना सुचवावा.

या मर्यादेत राहूनही खूप करता येते. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या १९५९ च्या खून खटल्यात सरकारतर्फे सी. एम. त्रिवेदी उभे होते आणि मयताच्या बहिणीच्या वतीने तरुण राम जेठमलानी खटल्यावर लक्ष ठेवून होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि त्या न्यायालयाने दिलेली जन्मठेप अखेर १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

तुमच्या वकिलाने काय करावे, तर दोषारोपपत्राचे पानन्‌पान वाचून कोणता साक्षीदार कोणत्या गोष्टीवर आहे याचे टिपण करावे, घटनास्थळाच्या पंचनाम्यातल्या वस्तू आणि रासायनिक विश्लेषणाच्या अहवालातल्या वस्तू जुळतात का ते पाहावे, सीसीटीव्ही किंवा मोबाइलमधला पुरावा असेल तर त्याचे प्रमाणपत्र जोडलेले आहे याची खात्री करावी, आणि हे टिपण साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांच्या हाती द्यावे. कामाच्या रेट्यात असलेल्या सरकारी वकिलांना अशी मदत बहुधा हवीच असते. फितूर होण्याची शक्यता असलेला साक्षीदार कोण, हे तुम्हा गावकऱ्यांना आधी कळते. तेही त्यांना वेळेवर कळवा. आरोपी सुटलाच, तर पीडित म्हणून अपील करण्याचा हक्क तुम्हाला स्वतःला आहे.

प्रश्न : मुलगा अटकेत आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. सरकारी वकील दिला तर तो नवखाच असतो, असे लोक म्हणतात. (एक आई, सोलापूर)

उत्तर : ताई, मुलगा कोठडीत असल्याने तुमचे उत्पन्न किती आहे हा प्रश्नच येत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क उभा राहण्यात महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाचा मोठा वाटा आहे. हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मोफत मिळालाच पाहिजे.

तुम्हाला मिळेल तो वकील सरकार पक्षाचा नसतो, तो तुमच्या मुलाचा वकील असतो. ‘सरकारी’ या शब्दाने हा गैरसमज होतो आणि आरोपी त्याच्याशी मोकळे बोलत नाहीत. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत सुरू झाली असून त्यात अनुभवी वकील प्रमुख म्हणून नेमले जातात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. वकील ठरला की पहिल्याच भेटीत अटकेची तारीख सांगा. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर जामीन मिळण्याचा हक्क निर्माण होतो. पण त्यासाठी दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज द्यावा लागतो. तुम्ही स्वतःही दिनदर्शिकेवर ते दिवस मोजा.

प्रश्न : आमच्या वकिलांनी वेळेत कैफियत दिली नाही आणि कोर्टाने ‘विनाकैफियत’ असा आदेश केला. आता ते म्हणतात, राहिलेली फी द्या, मगच कागद आणि ना हरकत देतो. येत्या सोमवारी तारीख आहे. (वाचक, जि. रत्नागिरी)

उत्तर : फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. फी खरोखर देणे असेल तर ती वसूल करण्याचे मार्ग त्यांना मोकळे आहेत. कागद मात्र परत करावेच लागतात. न दिल्यास वकील अधिनियमाच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगाकडे जाऊ नका, सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निवाड्याने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवली आहे.

परंतु सोमवारपर्यंत तक्रारीचा उपयोग नाही, तेव्हा आधी दावा वाचवा. नव्या वकिलासाठी जुन्याने ना हरकत देणे ही वकिलांमधली चांगली रीत आहे, पण ती मिळाली नाही म्हणून तुमचे काम अडत नाही. तुमच्या सहीचा अर्ज देऊन, न्यायालयाच्या परवानगीने जुने वकीलपत्र संपवता येते आणि नवे दाखल करता येते. दाव्याची आणि सोबतच्या कागदांची नक्कल कोर्टातूनच मिळेल. नव्या वकिलांनी सोमवारी तीन गोष्टी एकदम दाखल कराव्यात : विनाकैफियत आदेश रद्द करण्याचा अर्ज, उशिराचे कारण सांगणारे तुमचे शपथपत्र, आणि तयार कैफियत. नुसता मुदतीचा अर्ज देऊ नका, कैफियत हातात असलेली पाहून न्यायालयाचा कल बदलतो. तीस दिवस आणि वाढवून नव्वद दिवस ही कैफियतीची मुदत साध्या दाव्यात अगदी अपरिहार्य धरली जात नाही. व्यापारी दाव्यात मात्र एकशेवीस दिवसांनंतर दार बंद होते, तेव्हा तुमचा दावा कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहून घ्या. खर्च भरण्याच्या अटीवर परवानगी मिळण्याची शक्यता बरी आहे.

वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने रफीक विरुद्ध मुन्शीलाल या निवाड्यात १९८१ साली म्हटले, ते नवे वकील पुढे ठेवतीलच. हल्ली न्यायालये त्यासोबत हेही विचारतात की पक्षकार स्वतः काय करत होता. तुम्ही वकिलांना वेळोवेळी फोन केले असतील, संदेश पाठवले असतील, त्यांच्या कार्यालयात गेला असाल, तर त्या तारखा शपथपत्रात घाला. तुमच्या दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्‌स ॲपमध्ये टाकला की मागच्या तारखांना काय झाले ते दिसेल. आज रात्रीच तो तपशील उतरवून काढा आणि शनिवारी नव्या वकिलांकडे जाताना बरोबर न्या.